गल्लीतला इंटरनेटचा धंदा : आधी परवाना की आधी गिऱ्हाईक?

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मिरज अशा गावांतले होतकरू तरुण अलीकडे आम्हाला भेटतात तेव्हा बोलणे फिरून एकाच प्रश्नावर येते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पूर्वीसारखा गल्ला होत नाही, मागावरच्या मजुरीत घर चालत नाही, तेव्हा मोहल्ल्यात इंटरनेट पुरवण्याचा धंदा करावा असे मनात आहे. त्याचे लायसन्स कुठे मिळते आणि कितीला पडते? प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते तो उलट्या टोकाने विचारलेला आहे. लायसन्सचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाहता येईल. पहिल्या वर्षी पन्नास घरांत चालू लाईन देऊन ती महिनोन्‌महिने चालू ठेवता येते की नाही, एवढेच पाहायचे.

थोडा मागचा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्यातच या धंद्याची मेख आहे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेही एकट्या विदेश संचार निगमकडून. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना दार उघडले. परवान्याची फी तेव्हा जवळजवळ नाममात्र होती, म्हणून शेकडो लोकांनी परवाने काढले. त्यांतल्या पुष्कळांनी सेवा कधी सुरूच केली नाही. परवान्याचा कागद काचेच्या चौकटीत लावून गिऱ्हाईक येत नाही, हे त्यांना उशिरा कळले. टिकले कोण? एक तर मोठ्या भांडवलाच्या कंपन्या, आणि दुसरे गल्लीतले केबलवाले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर ज्यांनी गच्चीवर डिश बसवून वायरी ओढल्या, त्यांच्यातलेच अनेक जण पुढे त्याच खांबांवरून इंटरनेटची वायर नेऊ लागले. त्यांच्याकडे तंत्र नव्हते, पण गल्ली होती. कुठल्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हे त्यांना ठाऊक होते.

तीन वाटा, त्यांतली एक तुरुंगाची

पहिली वाट स्वतःच्या परवान्याची. दुसरी वाट परवाना असलेल्या कंपनीचा स्थानिक भागीदार होण्याची. हिला फ्रँचायझी म्हणतात. भिवंडीकरांना हा शब्द २००७ पासून विजेच्या बिलामुळे चांगला परिचयाचा आहे. परवाना कंपनीचा, गिऱ्हाइकाचे बिल कंपनीच्या नावाने. गल्लीतली वायर, जोडणी, वसुली आणि तक्रार तुमची. भारत संचार निगमसुद्धा फायबरची जोडणी अशा स्थानिक भागीदारांकडून देते.

तिसरी वाट पुष्कळांना सर्वांत सोपी वाटते. आपल्या नावावर एक मोठी लाईन घ्यायची आणि शेजारच्या वीस घरांना दोनदोनशे रुपयांत वाटायची. हा उघड उघड बेकायदा धंदा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय त्या वीस घरांपैकी कुणी भलतेसलते केले, तर पोलीस दार तुमचेच ठोठावतील, कारण नोंदीत नाव तुमचे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

ज्यांच्याकडे चहाची टपरी, किराणा किंवा झेरॉक्सचे दुकान आहे आणि त्याला जोड म्हणून थोडे काही करायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक लहानशी कायदेशीर सोय आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात दुकानदाराला वाय-फाय बसवून गिऱ्हाइकाला पाच-दहा रुपयांत इंटरनेट देता येते. त्यासाठी दुकानदाराला परवाना लागत नाही आणि फीही नाही. नोंदणी वरच्या एजन्सीची असते आणि गिऱ्हाइकाची ओळख मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने होते. यातून घर चालणार नाही, पण दुकानात माणसे थांबतात.

जागा कशी निवडावी

ज्या गल्लीत दोन मोठ्या कंपन्यांचे फायबर आधीच घरोघर पोहोचले आहे, तिथे जाऊ नका. मोठी कंपनी सहा महिने तोटा खाऊन भाव पाडू शकते, तुम्हाला ते जमणार नाही. लहान माणसाची जागा म्हणजे दाट चाळी, अरुंद बोळ, कारखान्यांच्या मागची वस्ती, गावाबाहेर नव्याने झालेली प्लॉटिंग. अशा ठिकाणी मोठ्या कंपनीचा माणूस एका जोडणीसाठी तीन-तीन वेळा यायला तयार नसतो.

आम्ही सुचवतो की वायर विकत घेण्याआधी आठ दिवस वही घेऊन फिरा. कुणाकडे कोणती लाईन आहे, महिना किती देतो, शेवटची लाईन कधी बंद पडली आणि किती दिवसांनी दुरुस्त झाली, एवढे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. ज्या गल्लीत दहांपैकी सहा जण दुरुस्तीला तीन-चार दिवस लागल्याचे सांगतात, तिथे तुमची रोजी आहे. लोक भावावर बोलतात खरे, पण लाईन सोडतात ती तक्रारीला कंटाळून.

एक धोका मात्र आता नव्याने उभा आहे. २०२३ पासून मोबाईल कंपन्या फाईव्ह-जीच्या लहरींवरून घरात डबा बसवून इंटरनेट देऊ लागल्या आहेत. त्याला गल्लीत वायर लागत नाही. दाट वस्तीत, बंद खोल्यांत त्याचा जोर कमी पडतो, उघड्या वस्तीत तो चांगला चालतो. जागा निवडताना हेही एकदा मोबाईलवर तपासून पाहावे.

वायरीचे शास्त्र

जुन्या काळी गच्चीवर स्विच ठेवून तांब्याची वायर घरोघर सोडत. ती शंभर मीटरच्या पुढे चालत नाही आणि पावसाळ्यात एक वीज कडाडली की चार स्विच जळतात. आता हा मार्ग धरू नये. फायबरच घ्यावे.

फायबरची रचना साधी आहे. तुमच्या खोलीत मुख्य यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. त्याच्या एका पोर्टमधून काचेचा एक धागा निघतो. वाटेत स्प्लिटर बसवून त्या एका प्रकाशाचे आठ वाटे करायचे आणि पुढे प्रत्येक वाट्याचे पुन्हा आठ. म्हणजे एका पोर्टवर चौसष्ट घरे. घरात जो डबा बसतो तो ओएनयू. जीपॉन पद्धतीत एका पोर्टची उतरती क्षमता सुमारे अडीच गीगाबिट असते आणि ती त्या चौसष्ट घरांत वाटली जाते.

प्रत्येक वाटणीला प्रकाश कमी होतो आणि हा हिशेब ज्याला आला तो निम्मे काम शिकला. ओएलटीतून समजा अधिक ४ डीबीएम प्रकाश निघाला. आठाच्या स्प्लिटरला सुमारे साडेदहा खर्च होतात. असे दोन स्प्लिटर म्हणजे एकवीस. तीन किलोमीटर धाग्याला एक आणि जोड व पिना मिळून दोन धरा. चोवीस गेले, घरात उणे २० पोहोचले. डबा साधारण उणे २७ पर्यंत चालतो, म्हणजे हाती सात शिल्लक राहिले. ही शिल्लक म्हणजे तुमची पावसाळ्याची बेगमी. ज्या घरात जोडणीच्या दिवशीच मीटर उणे २६ दाखवतो, तिथे लाईन चालू झाली म्हणून पेढे वाटू नका. पहिल्या सरीला तिथे लाल बत्ती लागणार. पिना साफ करा, जोड पुन्हा मारा, वायर कुठे दुमडली आहे ते पाहा. उणे १८ ते उणे २४ च्या दरम्यान आकडा आला की मगच गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर तो लिहून सही घ्या. पुढे भांडण होते तेव्हा हाच आकडा कामाला येतो.

जोड मारण्याचे स्प्लायसिंग मशीन महाग असते. सुरुवातीला ते घेऊ नये. रोजाने किंवा जोडाच्या हिशेबाने काम करणारे मिळतात. पण पॉवर मीटर आणि लाल लाईटची पेन्सिल मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःची हवी. जाता जाता एक निरीक्षण सांगतो. केसासारखा बारीक धागा न थरथरता धरणे हे हाताचे काम आहे. घड्याळ दुरुस्तीच्या आणि जरीच्या कामात ज्यांचे हात तयार झाले, ते हे काम लवकर उचलतात. पदवीवाल्या मुलापेक्षा असा कारागीर जवळ ठेवलेला बरा.

यंत्रमागाच्या वस्तीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, रुई. मागाच्या कारखान्याशेजारी खोली घेतली तर यंत्राच्या पंख्यात रुई बसते, यंत्र तापते आणि भर दुपारी बंद पडते. दर आठवड्याला ब्रश मारावा. दोन, वीज. ओएलटीला किमान चार-पाच तास चालेल असा इन्व्हर्टर हवा. वीज गेली की लोक मोबाईलच्या बॅटरीवर पाहत बसतात, आणि नेमकी तेव्हा लाईन गेली तर शिव्या तुम्हाला पडतात, वीज कंपनीला नाही.

खांबावरून वायर नेताना वीज कंपनीची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. वायर टाकण्याच्या हक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. परवाना असलेली कंपनी त्यांखाली अर्ज करू शकते, म्हणून ही जबाबदारी करारात कंपनीच्या नावे लिहून घ्या. सोसायटीची परवानगीही तोंडी घेऊ नये. आजचा सेक्रेटरी मित्र असतो, उद्याचा नसतो.

हिशेब : दोनशे घरे आणि चारशे घरे

इथे मात्र सावकाश वाचावे. खालचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपापल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडावेत.

समजा महिना ५०० रुपये, कर वेगळा. घरे २००. जमा एक लाख. कंपनीचा वाटा निम्मा धरला तर तुमच्याकडे ५० हजार उरले. दोन मुलांचा पगार ३० हजार, खोली आणि वीज ६ हजार, पेट्रोल आणि फोन ४ हजार, तुटफूट आणि बदलीचे डबे ५ हजार. हाती उरले ५ हजार. म्हणजे दोनशे घरांवर मालकाला नोकराएवढाही पगार सुटत नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की दोनशेपर्यंत मालकाने स्वतः शिडीवर चढावे आणि एकाच मुलाचा पगार द्यावा.

आता घरे ४०० धरा. जमा दोन लाख, तुमचा वाटा एक लाख. तीन मुलांचा पगार ४५ हजार, खोली-वीज ८ हजार, पेट्रोल-फोन ६ हजार, तुटफूट १० हजार. उरले ३१ हजार. गिऱ्हाईक दुप्पट झाले आणि शिल्लक सहापट झाली, ही या धंद्याची खुबी. पण उलटी बाजूही पाहा. एका जोडणीला डबा, वायर, स्प्लिटर आणि मजुरी मिळून अडीच हजार लागले, तर चारशे घरांचे दहा लाख झाले. दरमहा ३१ हजारांनी ते फिटायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि तेही कुणी मधेच सोडून गेले नाही तर. फुकट जोडणी देण्याची घाई कराल तर हे अंतर आणखी वाढेल. म्हणून जोडणीचे थोडे तरी पैसे आधी घ्या आणि डबा परतीच्या बोलीवर द्या.

उधारी ठेवू नका. महिना आधी, लाईन नंतर. भावकीत, जमातीत हे बोलायला जड जाते, आम्हालाही ठाऊक आहे. मशिदीला किंवा मदरशाला फुकट लाईन द्यायची असेल तर खुशाल द्या, पण ती स्वतःच्या खिशातून भरा आणि वहीत तसे लिहा. धंद्याच्या हिशेबात ती दडवली की पुढे भागीदारांत वाद होतात.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे आणि राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी नफ्या-तोट्याच्या भागीदारीवर पैसा उभा करावा. या धंद्यात ते जमते, कारण जमाखर्च दर महिन्याला डोळ्यांसमोर असतो. मात्र भागीदारी सख्ख्या भावाशी असली तरी स्टॅम्प पेपरवर करा. कोण पैसा घालतो, कोण शिडीवर चढतो आणि शिडीवर चढणाऱ्याला नफ्याआधी पगार मिळणार की नाही, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट हवेत.

करार वाचल्याशिवाय सही नको

आमच्या परिचयाचे एक केबलवाले चाचा आहेत. त्यांनी एका कंपनीची फ्रँचायझी घेतली, चार वर्षांत तीनशे घरे जोडली. वायर त्यांची, खांबावरचे डबे त्यांचे. एके दिवशी कंपनीने तोच भाग दुसऱ्या भागीदाराला दिला. गिऱ्हाइकाची नावे, पासवर्ड आणि ऑनलाईन भरणा सारे कंपनीच्या संगणकात. चाचांकडे फक्त वायर उरली. दोन महिन्यांत दोनशे घरे गेली. करार काढून पाहिला तर तीस दिवसांच्या नोटिशीवर तो मोडण्याचा हक्क कंपनीला होता, आणि गिऱ्हाईक कंपनीचे असल्याचे दहाव्या कलमात साफ लिहिले होते. चाचांनी तो करार वाचलाच नव्हता.

खरे तर केबलवाल्यांनी हे एकदा भोगले होते. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा गिऱ्हाइकाची यादी वहीतून मोठ्या कंपनीच्या संगणकात गेली आणि गल्लीतल्या माणसाचा भाव उतरला.

म्हणून सहीआधी एवढे विचारून घ्या. वाटा कोणत्या रकमेवर, कर धरून की वगळून? इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे या एका शब्दाने बराच फरक पडतो. पैसे तुमच्या खात्यात कोणत्या तारखेला येतील? तुमच्या भागात कंपनी दुसरा भागीदार नेमेल का? करार मोडला तर नोटीस किती दिवसांची, आणि तुमच्या वायरीचे मोल कोण ठरवणार? रात्रीच्या गर्दीत वेग कमी पडला तर वरची लाईन कोण वाढवणार? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दोनशे घरांना ५० एमबीपीएसचा प्लॅन विकला म्हणजे कागदावर दहा हजार एमबीपीएस झाले. इतकी लाईन कुणीच घेत नाही आणि गरजही नसते, कारण सारे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. रात्री आठ ते अकराच्या गर्दीत घरामागे सरासरी दोन-तीन एमबीपीएस धरून चालतात, म्हणजे दोनशे घरांना पाचशेच्या आसपास. त्याखाली कंपनी गेली की व्हिडिओ गोल फिरू लागतो आणि गिऱ्हाईक तुमचे दुकान शोधत येते.

रमजानमध्ये हा हिशेब बदलतो. आपल्या वस्त्यांत तरावीहनंतर गर्दी सुरू होते ती सहरीपर्यंत चालते. त्या महिन्यात दुरुस्तीची पाळी रात्रीची ठेवावी. जुम्याच्या नमाजाच्या वेळीही तक्रारीचा फोन उचलणारा कुणी तरी हवा. आळीपाळीने जमाती बदलून हे जमवता येते.

कुणाची लाईन, याची वही

आता तो राहिलेला मुद्दा. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते कधीच अपुरे झाले. आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ मध्येच शेवटच्या टप्प्यावर आला आणि २०१९ पासून नव्या सभासदाला फार तर ५१२ पत्ते मिळतात. म्हणून एकाच पत्त्यामागे अनेक घरे ठेवावी लागतात. पोलिसांकडून विचारणा येते ती पत्ता, पोर्ट क्रमांक आणि वेळ अशी. त्या सेकंदाला ते कोणते घर होते, हे सांगण्याची जबाबदारी पुरवठादाराची. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनुसार अशा नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात.

नोंदी कंपनी ठेवते, पण युजरनेम कुणाच्या घरात चालते हे तुम्हालाच माहीत असते. म्हणून एका युजरनेमवर दोन घरे कधीही चालवू नका. भाडेकरू बदलला की फॉर्म बदला. ओळखीच्याची कागदपत्रे नाहीत म्हणून स्वतःच्या आधारवर लाईन सुरू करून देणे, हा आपल्याकडे भलेपणा समजला जातो. कृपा करून तो करू नका. चौकशी आली तर निरपराध माणसाला ठाण्याच्या फेऱ्या मारून स्वतःचे निरपराधीपण सिद्ध करावे लागते, आणि तोवर धंदा बंद. फॉर्म, फोटो, सही आणि जोडणीची तारीख यांची फाईल बिनचूक असेल तर तेच काम दहा मिनिटांत संपते.

मग परवाना कधी?

चार-पाचशे घरे झाली, दोन वर्षे हिशेब नीट राहिला आणि कंपनीला दिला जाणारा निम्मा वाटा डोळ्यांत खुपू लागला की मग. २०१३ पासूनच्या युनिफाईड लायसन्स पद्धतीत इंटरनेटचे तीन वर्ग केले गेले : 'अ' साऱ्या देशासाठी, 'ब' राज्याएवढ्या क्षेत्रासाठी, 'क' साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. त्या पद्धतीत प्रवेश फी अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये होती, शिवाय बँक हमी वेगळी. परवाना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळे, एकट्या माणसाला किंवा भागीदारी पेढीला नाही. २०२३ च्या कायद्याने परवान्याच्या जागी अधिकारपत्राची पद्धत आणली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरचे नियम आणि फी पाहूनच पैसे भरावेत, दलालाच्या सांगण्यावरून नव्हे.

परवाना हाती आला की निम्मा वाटा वाचतो असे नाही. वरची लाईन विकत घ्यावी लागते, पत्ते इरिन या संस्थेकडून घ्यावे लागतात, नोंदी ठेवण्याचे यंत्र आणि ते सांभाळणारा माणूस लागतो, दर तिमाहीला सरकारी विवरणपत्रे भरावी लागतात. चारशे घरांवर हा खर्च जेमतेम पेलतो. दोन-तीन गल्ल्यांतले भागीदार मिळून एक कंपनी काढतात तेव्हा तो सुसह्य होतो. एकमेकांची गिऱ्हाइके फोडण्यापेक्षा हा मार्ग बरा. पण आमच्याकडे त्यासाठी आधी चहा प्यायला एकत्र बसावे लागते, आणि तिथेच गाडी अडते.

सुरुवात करायची तर पावसाळा संपल्यावर करावी. ऑक्टोबरमध्ये वायर ओढली तर पहिला जून येईपर्यंत तुम्हाला आठ महिने शिकायला मिळतात. मे महिन्यात ओढलेल्या वायरीचे पहिले जोड पावसातच उघडावे लागतात.